चौकटीबाहेरचा हात

वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक छायाचित्र ठरावीक दिवसांनी छापून येते. चार-पाच तरुण खाली उकिडवे बसलेले, तोंडावर काळे बुरखे. मागे अधिकारी आणि कर्मचारी ओळीने उभे. समोरच्या टेबलावर एक कोयता, दोरी, मिरचीपूड आणि दोन मोबाईल मांडलेले. मथळाही ठरलेला असतो : ‘दरोड्याच्या तयारीतील टोळी जेरबंद’. जालन्याच्या न्यायालयात वकिली करताना अशा छायाचित्रांतील कितीतरी बुरख्यांमागचे चेहरे आम्ही पाहिले आहेत. आरोपीचे आडनाव आणि वस्ती वाचली की त्याची जात विचारावी लागत नाही. अशाच एका प्रकरणात जामिनाच्या अर्जावर सुनावणी व्हायची होती. आरोपीची आई न्यायालयाच्या पायरीवर बसली होती. तिने आम्हाला विचारले, “वकीलसाहेब, तीन पोरं एका गाडीवर बसली म्हंजी टोळी व्हती का?”

कायद्यात या प्रश्नाचे उत्तर आहे. दरोड्याला किमान पाच माणसे लागतात. जुन्या भारतीय दंड विधानात दरोड्याची तयारी आणि त्यासाठी जमणे यांना कलम ३९९ व ४०२ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ते कलम ३१० मध्ये आले. परंतु त्या माउलीचा प्रश्न कलमाचा नव्हता. टोळी कोणाला म्हणायचे आणि कोणाला म्हणायचे नाही, हे ठरवतो कोण, असा तिचा प्रश्न होता. समाजाच्या मनात ‘टोळी’ म्हटल्याबरोबर जे चित्र उभे राहते ते कायद्याच्या पुस्तकाने तयार केलेले नाही. ते फार मोठ्या प्रमाणात चित्रपटाने तयार केले आहे. म्हणून चळवळीच्या वाचकांसमोर आज आम्ही चित्रपटाचा विषय मांडत आहोत. बाबूराव पेंटर यांच्या ‘सावकारी पाश’ या मूकपटाला २०२५ साली शंभर वर्षे पूर्ण झाली. या शतकाच्या निमित्ताने जेवढी चर्चा व्हायला हवी होती तेवढी झाली नाही. परंतु ‘सावकारी पाश’चे मोल समजून घ्यायचे तर आधी अमेरिकेतील एका छोट्या मूकपटापासून सुरुवात करावी लागेल.

हा मूकपट ‘द मस्केटियर्स ऑफ पिग ॲली’. दिग्दर्शक डी. डब्ल्यू. ग्रिफिथ, छायालेखक बिली बिट्झर, निर्मिती बायोग्राफ कंपनीची, प्रदर्शन ऑक्टोबर १९१२ चे. लांबी सतरा-अठरा मिनिटांची. न्यूयॉर्कच्या गरीब वस्तीत एक वादक आणि त्याची बायको राहतात. वादक चार पैसे कमवून परततो तेव्हा ‘स्नॅपर किड’ नावाचा गल्लीतला गुंड त्याचे पाकीट मारतो. पुढे दुसऱ्या टोळीचा म्होरक्या वादकाच्या बायकोच्या पेयात गुंगीचे औषध घालू पाहतो, तेव्हा हाच किड तिला वाचवतो. दोन टोळ्यांत वैर पेटते, गल्लीत गोळीबार होतो आणि त्या गोंधळात वादकाला आपले पाकीट परत मिळते. पोलीस किडला पकडायला येतो तेव्हा हे नवराबायको उपकार स्मरून त्याच्या बाजूने साक्ष देतात. कथा एवढीच.

टोळीपटाच्या इतिहासात या चित्रपटाला पहिल्या काही मानकऱ्यांत स्थान दिले जाते, अनेक अभ्यासक तर त्याला पहिला टोळीपट म्हणतात. १९१५ चा राऊल वॉल्शचा ‘रिजनरेशन’ आणि १९२७ चा स्टर्नबर्गचा ‘अंडरवर्ल्ड’ हे मूकपट त्याच वाटेने पुढे आले. ‘अंडरवर्ल्ड’च्या कथेसाठी बेन हेक्ट याला पहिल्याच ऑस्कर सोहळ्यात पुरस्कार मिळाला. त्यानंतर बोलपटांच्या काळात तर हा एक धंदाच झाला आणि आपल्या हिंदी चित्रपटांनी तो उचलून घेतला. ग्रिफिथच्या चित्रपटातील एक प्रसंग जगभर शिकवला जातो. किड आणि त्याचे साथीदार भिंतीला अंग घासत, दबकत कॅमेऱ्याच्या दिशेने सरकत येतात, आणि किडचा चेहरा इतका जवळ येतो की पडदा त्या चेहऱ्यानेच भरून जातो. त्या काळी माणसे नाटकासारखी दुरून, डोक्यापासून पायापर्यंत दाखवण्याचीच पद्धत होती. गल्लीतल्या दरिद्री गुंडाचा चेहरा प्रेक्षकाच्या तोंडासमोर आणून ठेवणे ही नवी गोष्ट होती.

आम्हाला मात्र या चित्रपटातील दुसरी एक गोष्ट अधिक महत्त्वाची वाटते. अगदी शेवटी पडद्याच्या कडेतून एक हात आत येतो. त्या हातात नोटा आहेत. हात कोणाचा हे दिसत नाही, कारण तो माणूस चौकटीबाहेर आहे. त्याआधी जी पाटी येते तिचा अर्थ, ही सारी एकाच व्यवस्थेची कडी आहेत, असा आहे. त्या जुलै महिन्यात न्यूयॉर्कमध्ये जुगाराचा अड्डा चालवणाऱ्या हर्मन रोझेन्थालचा भर रस्त्यात खून झाला होता आणि त्या प्रकरणात पोलीस खात्यातील लेफ्टनंट चार्ल्स बेकर यालाच पुढे दोषी ठरवून १९१५ साली देहदंड दिला गेला. गल्लीतली टोळी स्वतःच्या बळावर उभी नसते, तिच्यामागे कोणीतरी पैसा पुरवणारा आणि कोणीतरी डोळेझाक करणारा असतो, हे त्या शहरातील सामान्य माणसाला ठाऊक होते. ग्रिफिथने ते एका हातात दाखवले. पण हात दाखवून तो थांबला. चेहरा त्याने दाखवला तो गल्लीतल्या पोराचा.

आणि हाच ग्रिफिथ तीनच वर्षांत कुठे जाऊन पोहोचला ते पाहा. १९१५ साली त्याने ‘द बर्थ ऑफ अ नेशन’ काढला. चित्रीकरणाच्या तंत्रात त्या काळच्या सर्वांच्या पुढे असलेल्या या चित्रपटात त्याने कु क्लक्स क्लॅन या पांढऱ्या बुरख्यातील गोऱ्या टोळीला तारणहार म्हणून घोड्यावर बसवले आणि नुकत्याच गुलामीतून मुक्त झालेल्या काळ्या माणसाला पशू ठरवले. रात्री तोंड झाकून येणारी, माणसांना झाडाला लटकवणारी टोळी नायक झाली आणि ज्यांना लटकवले जात होते ते गुन्हेगार झाले. मोडून पडलेली क्लॅन त्याच वर्षी जॉर्जिया राज्यात पुन्हा उभी राहिली आणि सभासद जमवण्यासाठी तिने हा चित्रपट वापरला. काळ्या समाजाच्या एनएएसीपी या संघटनेने शहराशहरांत त्याविरुद्ध निदर्शने केली, बंदीची मागणी केली. बाबासाहेब जुलै १९१३ पासून १९१६ पर्यंत न्यूयॉर्कमध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. ज्या शहरात १९१५ साली हा चित्रपट गाजत होता, त्याच शहरात ९ मे १९१६ रोजी त्यांनी ‘भारतातील जाती’ हा निबंध वाचला. एका देशात रंगाच्या नावाने आणि दुसऱ्या देशात जातीच्या नावाने माणसाला जन्मतः गुन्हेगार किंवा जन्मतः पूज्य ठरवण्याचे काम चालू होते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुरे.

ग्रिफिथच्या या विषाला उत्तर देणाऱ्यांत ऑस्कर मिशो हा काळ्या समाजातलाच दिग्दर्शक होता. त्याचा १९२० चा मूकपट ‘विदिन अवर गेट्स’ आमच्या वाचकांनी अवश्य पाहावा. त्यात लँड्री नावाचा एक कूळ शेतकरी आहे. त्याने वाढवलेली मुलगी शिकलेली आहे आणि तिने घरचा हिशेब लिहून ठेवला आहे. तो हिशेब घेऊन लँड्री गोऱ्या जमीनदाराकडे जातो. जमीनदाराला तिसराच माणूस गोळी घालतो, आळ येतो लँड्रीवर आणि जमाव त्याला व त्याच्या बायकोला फासावर चढवतो. कुळाच्या घरात हिशेब मांडता येणारी मुलगी निघाली, हाच तेथे खरा अपराध ठरला. महात्मा फुल्यांच्या महाराष्ट्राला ही कथा परकी वाटण्याचे कारण नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ आला आणि भारतीय चित्रपटाचा आरंभ झाला, असे आपण शाळेपासून वाचतो. हरिश्चंद्राच्या आख्यानात राजाच्या दुःखाची परिसीमा कोणती? तर त्याला स्मशानात डोंबाची चाकरी करावी लागते. जे जिणे एका जातीच्या वाट्याला पिढ्यानपिढ्या आले, ते राजाच्या वाट्याला थोडे दिवस आले म्हणून प्रेक्षकांनी डोळे पुसायचे. डोंबाच्या दुःखासाठी मात्र कोणी रुमाल काढत नाही. त्यानंतर पडद्यावर देव, ऋषी आणि राजे यांचीच गर्दी झाली.

ही गर्दी बाजूला सारून वर्तमानातला गुन्हा पडद्यावर आला तो विसाच्या दशकात. १२ जानेवारी १९२५ रोजी मुंबईत मलबार हिलवर अब्दुल कादर बावला या व्यापाऱ्याची मोटार अडवून त्याचा खून करण्यात आला. मोटारीत मुमताज बेगम होती. इंदूरच्या होळकर दरबारातून ती निघून आली होती आणि तिला पळवून परत नेण्यासाठी ही टोळी आली होती. योगायोगाने तेथून जाणाऱ्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्यांनी हल्लेखोरांना पकडले. खटला चालला, फाशीच्या आणि जन्मठेपेच्या शिक्षा झाल्या. महाराजा तुकोजीराव होळकर यांनी चौकशीला सामोरे जाण्याऐवजी फेब्रुवारी १९२६ मध्ये गादी सोडली. आरोपीच्या पिंजऱ्यात ते कधीच उभे राहिले नाहीत. याच प्रकरणाच्या आधारे मुंबईच्या कोहिनूर कंपनीने १९२५ मध्येच होमी मास्टर यांच्या दिग्दर्शनाखाली ‘कुलीन कांता’ हा मूकपट काढला. टोळी पकडली गेली आणि टोळीमागचा राजवाडा न्यायालयाबाहेर राहिला. ग्रिफिथच्या चित्रपटातला चौकटीबाहेरचा हात तो हाच.

त्याच वर्षी कोल्हापुरात महाराष्ट्र फिल्म कंपनीने ‘सावकारी पाश’ काढला. बाबूराव पेंटर म्हणजे बाबूराव कृष्णराव मिस्त्री, कारागीर घराण्यातला माणूस. चित्रकला स्वतः शिकला, कॅमेरा स्वतः खटपट करून बनवला. ज्या १९२० साली शाहू महाराजांच्या उपस्थितीत माणगावची परिषद झाली आणि त्यांनी बाबासाहेबांना नेते म्हणून पुढे केले, त्याच वर्षी या कंपनीचा पहिला चित्रपट ‘सैरंध्री’ पडद्यावर आला. ज्या काळात स्त्रीने चित्रपटात काम करणे हीनपणाचे मानले जाई त्या काळात पेंटरांनी स्त्रीभूमिका स्त्रियांनाच दिल्या आणि त्या स्त्रियांनी त्याबद्दल समाजाचा बहिष्कार सोसला, हेही इतिहासात नोंदवले गेले पाहिजे.

‘सावकारी पाश’ची कथा नारायण हरी आपटे यांची. सावकाराच्या भूमिकेत झुंझारराव पवार आणि तरुण शेतकऱ्याच्या भूमिकेत व्ही. शांताराम. सावकार कागदाच्या जोरावर शेतकऱ्याची जमीन गिळतो आणि शेतकरी शहरात जाऊन गिरणी कामगार होतो. येथे देव धावून येत नाही, चमत्कार घडत नाही. रात्रीच्या अंधारातली उदास झोपडी आणि बाहेर विव्हळणारे कुत्रे हे त्यातले दृश्य पाहणाऱ्यांच्या स्मरणात अनेक वर्षे राहिले. देवादिकांचे चमत्कार पाहायला सरावलेल्या प्रेक्षकांनी त्याला फारसा प्रतिसाद दिला नाही. पेंटरांनी १९३६ साली त्याच नावाने बोलपट काढला. भारतीय वास्तववादी चित्रपटाचा पहिला नमुना म्हणून चित्रपटाचे इतिहासकार ‘सावकारी पाश’कडे बोट दाखवतात, ते योग्यच आहे.

आमचे म्हणणे त्याच्या एक पाऊल पुढचे आहे. ‘सावकारी पाश’ला गुन्हेगारीच्या चित्रपटांच्या इतिहासातही स्थान मिळाले पाहिजे आणि ते मानाचे स्थान असले पाहिजे. न्यूयॉर्कच्या चित्रपटात पैसेवाल्याचा हात कडेतून डोकावतो आणि निघून जातो. मुंबईच्या प्रकरणात हात राजवाड्यातच राहतो. कोल्हापूरच्या या कारागिराने मात्र तो हात धरून चौकटीच्या मध्यभागी ओढून आणला, त्याला चेहरा दिला, पगडी दिली, चोपडी दिली. गुन्हेगार अंधाऱ्या गल्लीत सुरा घेऊनच येतो असे नाही, तो दिवसाढवळ्या ओसरीवर बसून दौत-टाक घेऊन येतो आणि त्याच्या बाजूने कायदा, साक्षीदार आणि पाटील उभे असतात, हे पडद्यावर सांगणारा हा चित्रपट होता. तो शिकागोच्या गुंडांवरील गाजलेल्या ‘अंडरवर्ल्ड’च्याही दोन वर्षे आधीचा आहे.

पेंटरांनी ही दृष्टी आकाशातून आणली नाही. मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातील सुपे येथून शेतकऱ्यांचा उठाव सुरू झाला आणि पुणे-नगर भागात पसरला. त्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या माड्या फोडल्या तेव्हा त्यांचा रोख होता तो कर्जरोख्यांवर. कागद हाती लागले की ते जाळून टाकायचे. सरकारने १८७९ साली दख्खन शेतकरी साहाय्य कायदा केला. १८८३ साली जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहून सावकार, कुलकर्णी आणि कचेरीतला कारकून ही साखळी उघडी केली. निरक्षर माणसाला लुटण्याचे हत्यार म्हणजे लेखणी, हे जोतीरावांनी सांगितल्यानंतर ४२ वर्षांनी ते पडद्यावर दिसले. परिवर्तनाचा विचार असा हातोहात पुढे जातो. त्याचे श्रेय देताना चित्रपटाचे इतिहासकार जोतीरावांचे नाव घेत नाहीत, म्हणून ते आम्ही घेतो.

मात्र गौरव करतानाही चिकित्सा सोडू नये हा आपल्या चळवळीचा बाणा आहे. ‘सावकारी पाश’मधील शेतकऱ्याजवळ गहाण ठेवायला जमीन आहे. म्हणून त्याची कथा होऊ शकते. गावकुसाबाहेरच्या माणसाजवळ काय होते? महारवतनाची जमीन होती ती गावाच्या वेठीच्या बदल्यात. ते जोखड काढण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक मांडले. ज्याच्याजवळ तीही नव्हती त्याने गहाण काय ठेवले? त्याने स्वतःला ठेवले, बायकोला ठेवले, पोराला सालगडी म्हणून ठेवले. त्याच्या गहाणाचा कागदही होत नव्हता. जमीन गमावलेला शेतकरी पडद्यावर आला, जमीनच नसलेला माणूस पडद्यावर यायला आणखी कित्येक दशके लागली.

‘जालना सोने का पालना’ अशी आमच्या शहराची ख्याती आहे. १९२५ साली हा मुलूख निजामाच्या राज्यात होता, जिल्हा म्हणून जालना १ मे १९८१ रोजी वेगळा झाला. या पाळण्यात झोपणारे कोण आणि तो हलवणारे कोण, हे पाहायचे असेल तर दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागातील वस्त्यांवर जावे. ऊसतोडीच्या गाड्या भरत असतात. नवराबायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. माणसाचे नावच हत्याराचे. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, ती हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामावर चढते. आई-बाप फडात जातात आणि पोरांची शाळा सुटते. वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ सालीच झाला आहे. तरी उचल नावाचा पाश सुटत नाही, कारण कर्ज देणारा मुकादम, मुकादमाला पैसा देणारा त्याच्यावरचा आणि ऊस गाळणारा कारखाना यांत जबाबदार कोण, हे ठरवायची वेळ आली की प्रत्येक जण चौकटीबाहेर सरकतो. ‘कोयता’ हा शब्द छायाचित्रातल्या टेबलावर पुरावा म्हणून मांडला जातो, परंतु ज्या घरात कोयता हेच पोटाचे साधन आहे तेथे तो सापडणारच, एवढे साधे सत्य पंचनाम्यात लिहिले जात नाही.

सावकारीचेही तसेच आहे. आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांच्या हातात कर्जाचा कागद नसतोच. घेतलेले असते कर्ज आणि लिहून दिलेले असते खरेदीखत. तोंडी वायदा असतो की पैसे फेडले की जमीन परत. पैसे फेडायला जावे तर समोरचा म्हणतो, कसले कर्ज, मी तर रीतसर विकत घेतली. फेरफार झालेला, सातबारावर नाव चढलेले. परंतु समाजबांधवांनी हे ध्यानात घ्यावे की २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाने यावर इलाज दिला आहे. परवान्याशिवाय सावकारी करणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेचा गुन्हा आहे. कलम १८ खाली जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करता येतो. गेल्या १५ वर्षांतील असा व्यवहार सावकारीतून झाल्याचे चौकशीत सिद्ध झाले तर ते खरेदीखत अवैध ठरवून जमीन मूळ मालकाला परत देण्याचा अधिकार त्यांना आहे. दिलेल्या-घेतलेल्या पैशांची चिठ्ठी, बँकेतली नोंद, साक्षीदार, जे असेल ते जपून ठेवावे. मिशोच्या चित्रपटातील त्या मुलीने ठेवला तसा हिशेब प्रत्येक घरात ठेवला गेला पाहिजे.

आता पुन्हा त्या छायाचित्राकडे येऊ. इंग्रज सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि जन्मलेले मूलही गुन्हेगार ठरवले. तारेच्या कुंपणात वस्त्या कोंडल्या, हजेऱ्या लावल्या. सोलापूरची सेटलमेंट त्याची साक्षीदार आहे. १९५२ साली तो कायदा रद्द झाला, परंतु तो कायदा वाचून तयार झालेली नजर रद्द झाली नाही. नाशिकजवळ २००३ मध्ये दरोडा, खून आणि अत्याचाराची भीषण घटना घडली. त्या खटल्यात भटक्या जमातीतील सहा मजुरांना फाशीची शिक्षा झाली. २००९ साली सर्वोच्च न्यायालयानेही सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केले. आणि त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचार करून ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांना निर्दोष सोडले. वाचलेल्या साक्षीदार स्त्रीने पोलिसांच्या छायाचित्रांतून आधी वेगळ्याच माणसांना ओळखले होते, तो धागा तपासात सोडून दिला गेला होता. गरीब भटक्या माणसांना खोटे गोवले जाण्याची शक्यता न्यायालयाने स्वतः नोंदवली आणि प्रत्येकी पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सोळा वर्षांच्या तुरुंगवासाचे पाच लाख! ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातीवर आधारित कामाची वाटणी आणि विमुक्तांना ‘सवयीचे गुन्हेगार’ मानणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या. संविधान लागू झाल्यानंतर ७४ वर्षांनी हे सांगावे लागले.

म्हणून पडद्यावर काय दिसते हा करमणुकीचा प्रश्न नाही. न्यायाधीश, पोलीस, पत्रकार आणि पंच हे सर्व चित्रपट पाहूनच मोठे होतात. नागराज मंजुळे यांच्या २०१४ साली प्रदर्शित झालेल्या ‘फँड्री’त कैकाडी समाजातील पोराने भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाच्या अंगावर येतो. शंभर वर्षांपूर्वी किडचा चेहरा कॅमेऱ्यावर चालून आला होता तो भीती दाखवायला, जब्याचा दगड आला तो जाब विचारायला. २०२२ च्या ‘झुंड’मध्ये नागपूरच्या झोपडपट्टीतील ज्या पोरांना पोलीस आणि शेजारी टोळी समजतात, त्यांचा फुटबॉलचा संघ होतो आणि आंबेडकर जयंतीचा जल्लोष मोठ्या पडद्यावर येतो. टोळी आणि संघ यांत फरक असतो तो त्यांच्याकडे बघणाऱ्याच्या नजरेचा आणि त्यांना मिळालेल्या मैदानाचा. मिशोने १९२० मध्ये जे केले ते आपल्या माणसाने महाराष्ट्रात करून दाखवले आहे.

एक खंत नोंदवली पाहिजे. भारतात सुमारे १३०० मूकपट निघाले, त्यांतले आज जेमतेम तीस पूर्ण किंवा तुकड्यांच्या रूपात उरले आहेत. १९२५ चा ‘सावकारी पाश’ही हरवला. नायट्रेटच्या त्या फिती आगीत जळाल्या, काही चांदी काढण्यासाठी वितळवल्या गेल्या. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली स्थापन होईपर्यंत फार उशीर झाला होता. मिशोचा ‘विदिन अवर गेट्स’ही हरवला होता. त्याची एकमेव प्रत स्पेनमध्ये सापडली आणि १९९३ साली तो पुन्हा जुळवून लोकांसमोर आणला गेला. ग्रिफिथचा तर कधी हरवलाच नाही. ज्यांच्या हाती साधने आहेत त्यांच्या आठवणी टिकतात, बाकीच्यांच्या कबाडात जातात. आपल्या घरांत नामांतराच्या लढ्याची, मोर्चांची, दीक्षाभूमीच्या सोहळ्यांची छायाचित्रे आणि व्हिडिओ कॅसेटी पडून आहेत. त्यांना बुरशी लागण्याआधी त्या नीट उतरवून ठेवणे हे प्रत्येक शहरातील कार्यकर्त्यांचे काम आहे.

आणि आमची दुसरी सूचना अशी. जयंतीच्या सप्ताहात एका संध्याकाळी डीजेचा खर्च वाचवून विहाराच्या भिंतीवर पांढरी चादर बांधावी. ‘पिग ॲली’ अठरा मिनिटांचा आहे, ‘विदिन अवर गेट्स’ तासाभराहून थोडा मोठा. मूकपटाला भाषेची अडचण नाही, पाट्या कोणीही शिकलेला मुलगा किंवा मुलगी मराठीत वाचून दाखवू शकते. मग ‘सावकारी पाश’ची गोष्ट कोणीतरी तोंडी सांगावी, कारण तो चित्रपट आता तोंडीच उरला आहे. नंतर दिवे लावून वस्तीतल्या पोरांना एकच विचारावे : यात टोळी कोण होते?

त्या माउलीच्या मुलाला पुढे जामीन मिळाला. खटला अजून चालू आहे, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहिणे योग्य नाही. तिच्या प्रश्नाचे उत्तर त्या दिवशी आम्ही कलम सांगून दिले होते. आज कोणी विचारले तर सांगू की आई, गाडीवरची पोरे मोजून टोळी ठरत नाही. कडेतून जो हात येतो तो कोणाचा आहे, हे आधी विचारायचे असते, आणि तो चौकटीत ओढून आणीपर्यंत विचारत राहायचे असते. जयभीम!